खाऊचे पैसे

मराठीत ‘खाऊ’ हा एक फार मायाळू शब्द आहे. तो कोणत्याही एका पदार्थाचे नाव नाही. राजगिऱ्याचा लाडू असो, पेरूची फोड असो वा मूठभर शेंगदाणे असोत, लहान मुलाच्या हातावर जे प्रेमाने ठेवले जाते ते खाऊ. परगावाहून येणाऱ्याने मुलांसाठी खाऊ आणावा ही रीतच होती. आणायचा राहून गेला, तर निघतेवेळी पाहुणे मुलाला जवळ बोलावत, तळहातावर एखादे नाणे ठेवत आणि म्हणत, “खाऊ घे हं बाळ.” मुलाने आधी “नको, नको” म्हणायचे, आईकडे पाहायचे, आईने मान हलवली की मूठ मिटायची आणि वाकून नमस्कार करायचा. हा सारा विधी दोन क्षणांत पार पडे, परंतु त्या क्षणानंतर ते मूल पूर्वीचे राहत नसे. त्याच्या मुठीत आता स्वतःचे असे काहीतरी असे.

‘पॉकेटमनी’ हा शब्द आमच्या पिढीच्या कानांवर बराच उशिरा आला. दर आठवड्याला वा महिन्याला ठरलेली रक्कम मुलांना द्यावी, अशी कल्पना आमच्या बार्शीसारख्या गावात 1960 ते 1970 च्या दशकात कोणाला सुचलीही नसती. पैसे मिळत ते प्रसंगाने. दळण आणले, गिरणीवाल्याकडून दोन पैसे परत आले, ते आजीने “असू दे तुला” म्हणून सोडले. मामा आला, मामाने चार आणे दिले. जत्रेच्या दिवशी वडिलांनी सर्व भावंडांना रांगेत उभे करून प्रत्येकाच्या हातावर सारखेच नाणे ठेवले. पैसा कधी येईल ते सांगता येत नसे. म्हणून आला की त्याचे काय करायचे, याचा विचार करण्यात फार आनंद असे.

त्या नाण्यांचे रूपही मुलांना भुरळ घालणारे होते. अॅल्युमिनियमची नाणी इतकी हलकी की फुंकर मारली तर उडतील असे वाटावे. पाच पैसे चौकोनी, कोपरे गोलाई दिलेले. तीन पैशांचे नाणे षटकोनी. ते 1964 मध्ये आले. दोन पैशांच्या नाण्याला फुलाच्या पाकळ्यांसारखी नागमोडी कड. वीस पैशांचे पितळी, पिवळेधमक, त्यावर कमळ. 1968 च्या सुमारास ते हाती आले तेव्हा आम्हांला ते सोन्याचेच वाटले होते. अंधारात, खिशात हात घालून, केवळ बोटांनी चाचपून कोणते नाणे किती पैशांचे हे आम्ही सांगत असू. गणित पाटीवर शिकण्यापूर्वी आम्ही ते बोटांच्या टोकांनी शिकलो.

मोठी माणसे मात्र अजून आण्यांतच बोलत. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी सुरू झाली होती, ‘नवे पैसे’ यातील ‘नवे’ हा शब्दही 1964 मध्ये गळून पडला होता. तरी आजीचा हिशेब सोळा आण्यांचाच. पंचवीस पैशांना ती चार आणे म्हणे, पन्नासांना आठ आणे. तिच्याकडून एक गंमत कळली. बदलाच्या काळात एका आण्याला सहा नवे पैसे धरत. प्रत्यक्षात आणा सव्वासहा पैशांचा. म्हणजे सोळा वेळा एकेक आण्याची वस्तू घेतली तर शहाण्णव पैसेच होत आणि रुपयातले चार उरत! “मग ते चार पैसे कोणाचे?” असा प्रश्न ती आम्हांला टाकी आणि आम्ही जेवणाच्या पाटावर बसून त्यावर भांडत असू. हिशेबाची गोडी मुलांना लागते ती अशाच भांडणांतून.

आणि मग दुकाने. बार्शी ही मोठी पेठ. ज्वारीची, तुरीच्या डाळीची आवक मोठी, बैलगाड्यांची वर्दळ, अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीची शिट्टी. परंतु मुलांची पेठ निराळीच होती. तिची सीमा घरापासून शाळेपर्यंत. तीत एक किराणा दुकान, एक भडभुंज्याची भट्टी, एक वह्या-पेन्सिलींचे दुकान, एक भाड्याच्या सायकलींचे दुकान आणि शाळेच्या फाटकाशी पाटी मांडून बसणारी एक म्हातारी. तिच्या पाटीत ऋतुचक्र दिसे. हिवाळ्यात बोरे, मग चिंचा, मग विलायती चिंचा, उन्हाळ्याच्या तोंडाशी कैऱ्या, पावसाळा सरता सरता आवळे. तिखटमिठाची पुडी मात्र बारमाही. शाळेच्या पुस्तकात कोणत्या ऋतूत कोणते फळ येते हा धडा होता. आम्हांला तो कधी पाठ करावा लागला नाही.

किराणा दुकानाच्या फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. लिमलेटच्या गोळ्या, पेपरमिंट, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, श्रीखंडाच्या गोळ्या, आवळासुपारी, गुडदाणी. बरण्या आमच्या डोळ्यांच्या उंचीवर नसत. टाचा उंच करून पाहावे लागे. दुकानाचे मालक, ज्यांना सारी आळी अण्णा म्हणे, गादीवर बसूनच विचारीत,

“काय गं, किती आणलेस?”

“पाच पैसे, अण्णा.”

“मग सांग, काय देऊ?”

येथेच खरा पेच होता. पाच पैशांत लिमलेटच्या गोळ्या घेतल्या तर लवकर संपणार. फुटाणे घेतले तर पुष्कळ येणार, परंतु ते घरीही मिळतात. गुडदाणी चिवट, चघळत बसले तर संध्याकाळपर्यंत पुरेल. एक मन म्हणे हे घे, दुसरे म्हणे ते. मागे मोठी गिऱ्हाइके उभी असत, कोणाला साखर हवी असे, कोणाला तेल. तरीही अण्णांनी मला कधी “लवकर आटप” म्हटल्याचे स्मरत नाही. ते तेल मापून देत, साखर तोलत आणि मधूनच विचारीत, “ठरले का?” ठरले म्हणजे वर्तमानपत्राच्या तुकड्याची पुडी बांधली जाई, वर टांगलेल्या रिळाचा दोरा तिच्याभोवती फिरे आणि दोरा तोडताना चार दाणे वर पडत. पाच पैशांचे गिऱ्हाईक असो की पाच रुपयांचे, पुडी तितक्याच निगुतीने बांधली जाई.

आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटते, घराबाहेर एखाद्या प्रौढ माणसाने आपल्याला ‘तुला काय हवे?’ असे मनापासून विचारण्याचा पहिला अनुभव आम्हां मुलांना त्या फळीपाशी आला. घरी काय खायचे, काय ल्यायचे, केव्हा झोपायचे, हे मोठी माणसे ठरवत. शाळेत गुरुजी ठरवत. दुकानाच्या पायरीवर मात्र निर्णय आमचा होता आणि त्याचे फळही आमचेच. गोळी आवडली नाही तरी तीच चघळावी लागे. पैसा एकदा गल्ल्यात पडला की तो परत येत नाही, हे ज्ञान कोणी उपदेश करून दिले नाही; गल्ल्यात पडणाऱ्या नाण्याच्या आवाजाने दिले.

त्या बरण्यांत एक बरणी रावळगावच्या गोळ्यांची असे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात हे गाव आहे, तेथे 1933 मध्ये वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि 1942 मध्ये तेथे गोळ्या-चॉकलेटे बनू लागली, हे सारे मला फार पुढे कळले. वालचंद मूळचे सोलापूरचे. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी ठेकेदारीत पाऊल टाकले ते आमच्याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून. पुढे त्यांनी जहाजे बांधली, विमानाचा कारखाना काढला, मोटारी आणल्या. एवढ्या मोठ्या उद्योगपतीने मुलांच्या गोळीचाही कारखाना काढावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते. ज्या रुळांवरून आमची छोटी गाडी धावे आणि जी गोळी गालात ठेवून आम्ही ती गाडी पाहत असू, त्या दोहोंच्या मागे एकाच माणसाचा हात होता. दुकानातल्या वस्तूमागे माणसे असतात, कष्ट असतात, एक सबंध कहाणी असते, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

दुकानदार हा केवळ विक्रेता नव्हता, तो साक्षीदार होता. कोणते मूल कोणाचे, त्या घरात काय चालते, काय चालत नाही, कोणाची आई आजारी आहे, हे सारे त्याला ठाऊक असे. एकदा आमच्या वर्गातला एक मुलगा पाच रुपयांची नोट घेऊन आला. त्या काळी मुलाच्या हाती पाचाची नोट ही अघटित गोष्ट होती. अण्णांनी नोट हातात घेतली नाही. त्याला दोन गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “बाळ, ही नोट जपून घरी ने. आईला सांग, अण्णांकडे सुटे नव्हते.” त्यांच्या पेटीत सुटे होते, आम्ही पाहत होतो. मुलाला चोर म्हटले नाही, चारचौघांत लाजवले नाही आणि नोट ज्या घरची होती तिथे परत गेली. पुढे काय झाले ते अण्णांनी कधी विचारले नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मुलांना वळण लावण्याचे काम केवळ आईबापांचे आहे, असे तेव्हाची पेठ मानत नव्हती.

परंतु ज्यांच्या मुठीत कधीच नाणे नसे, त्यांचे काय? हा प्रश्न गोड आठवणींच्या नादात विसरून चालणार नाही. आमच्या वर्गात हमालीवर पोट भरणाऱ्यांची मुले होती. 1972 च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्या घरांतील मुलांना खाऊचे पैसे कोठून मिळावेत? ती मुले दुकानाच्या पायरीशी येत, बरण्यांकडे पाहत आणि उभी राहत. मागत काहीच नसत. अशा वेळी ‘चिमणीचा दात’ उपयोगी पडे. गोळी सदऱ्याच्या टोकात गुंडाळायची, दातांनी फोडायची आणि तुकडे वाटायचे. कापड मध्ये असले म्हणजे उष्टे होत नाही, असे आमचे शास्त्र होते. त्या शास्त्राने किती भिंती ओलांडल्या, याची आम्हांला तेव्हा कल्पना नव्हती. घरी जे एकमेकांच्या पंगतीला बसत नसत, त्यांची मुले एकाच गोळीचे तुकडे चघळीत होती. वाटून खाल्ले म्हणजे कमी होते, हे गणिताच्या दृष्टीने खरे आहे. जिभेच्या दृष्टीने ते कधीच खरे वाटले नाही.

तरीही तो काळ सोन्याचा होता असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सर्वच दुकानदार अण्णांसारखे नव्हते. मुलांना कमी मापणारे होते, शिळे फुटाणे खपवणारे होते, बापाची उधारी राहिली म्हणून मुलाला सर्वांसमोर टाकून बोलणारेही होते. गोळ्यांचे भडक रंग कशाचे होते देव जाणे. जीभ दोन दिवस हिरवी राही. पाटीवर माशा बसत. आणि आणखी एक गोष्ट, जी मुलगी म्हणून मला नेहमी बोचे. भावांना मिळालेले पैसे भावांचे असत. ते सायकल भाड्याने घेत, भोवरा-जाळी घेत, गावाच्या दुसऱ्या टोकाला पतंगाचा मांजा आणायला जात. आम्हां मुलींना कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जाण्याची मुभा नसे, आणि मामाने दिलेले चार आणे “ठेवून देते हं” असे म्हणून आईच्या डब्यात जात. त्यातून पुढे रिबीन येई, पिना येत, कधी वहीही येई. म्हणजे पैसे वाया जात नसत. परंतु निर्णय आमचा नसे. माझी एक थोरली चुलतबहीण लग्न होऊन सासरी गेली, तोवर तिने स्वतः दुकानात उभे राहून स्वतःसाठी काही विकत घेतले नव्हते. पुढे संसाराचे पैसे हाती आले तेव्हा दहा रुपये खर्च करतानाही तिचा हात थरथरे. तिने स्वतःच एकदा मला हे सांगितले. लहानपणी पाच पैसे खर्चण्याचा सराव नसला की मोठेपणी पाचशे खर्चण्याची भीती वाटते, हे मी तिच्याकडून शिकले.

बचतीचीही शाळा तिथेच होती. कुंभाराकडून मातीचा गल्ला आणत. त्याला वर फट, खाली काहीच नाही. म्हणजे पैसे काढायचे तर तो फोडायलाच हवा. ही मोठी शहाणी युक्ती होती. फोडायचे धाडस होईपर्यंत मन आपोआप विचारी, ‘खरेच हवे आहे का?’ अनेक शाळांत ‘संचयिका’ असे. तिथे मुलांच्या नावाची पुस्तके, मुलेच कारकून, मुलेच खजिनदार. साठलेल्या पैशांतून कोणी कंपासपेटी घेई, कोणी ‘चांदोबा’चा अंक. 1971 च्या नोव्हेंबरमध्ये बालभारतीचे ‘किशोर’ मासिक सुरू झाले, तेव्हा आम्ही भावंडांनी गल्ला फोडून एक अंक घेतला. कोण आधी वाचणार यावरून तंटा झाला आणि शेवटी एकाने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा असा तह झाला. इतक्या लक्षपूर्वक ऐकलेले वाचन मी पुढे कधी ऐकले नाही.

आता ती नाणी उरली नाहीत. 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी चलनातून बाद झाली. माझ्या बालपणीचे जवळजवळ सर्व धन त्या दिवशी संग्रहालयात गेले. रावळगावच्या गोळ्यांचा व्यवसाय 2024 मध्ये 27 कोटी रुपयांना दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेला. 2016 मध्ये यूपीआय आले आणि पाहता पाहता भाजीवालीच्या गाड्यावरही चौकोनी ठिपक्यांचे चित्र लटकू लागले. या बदलाची मला तक्रार नाही. सुट्ट्या पैशांसाठी होणारी तारांबळ संपली, म्हाताऱ्या माणसांनाही सोय झाली. रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवण्याची मुभा दिली आहे, हेही चांगलेच आहे.

परंतु माझ्या नातवंडांकडे पाहताना एक गोष्ट जाणवते. त्यांना वस्तू हवी असते. आईचा मोबाइल असतो. दोनदा बोट टेकवले की वस्तू दारात येते. मधली पायरीच नाहीशी झाली आहे. मूठ नाही, चालत जाणे नाही, टाचा उंच करणे नाही, “ठरले का?” असे विचारणारे कोणी नाही. आमच्या वेळी ‘नाही’ हा शब्द आई उच्चारत नसे, तो नाणे उच्चारीत असे. पाच पैसे म्हणत, एवढेच, याहून अधिक नाही. नाण्याशी भांडता येत नाही, म्हणून आम्ही निवड करायला शिकलो. आज तो ‘नाही’ सर्वस्वी आईबापांच्या तोंडी आला आहे, आणि आईबापांशी भांडता येते, रुसता येते, रडून त्यांना वाकवता येते. मग घरोघर रोज जे रण माजते त्याचा दोष केवळ मुलांच्या हट्टाला किंवा पालकांच्या लाडाला देऊन कसे भागेल? मर्यादा सांगणारी एक साधी, निर्विकार वस्तू आपण मुलांच्या हातून काढून घेतली आहे.

ती परत देता येईल काय? माझ्या मते येईल, आणि त्यासाठी फार काही करावे लागणार नाही. घरातील सात-आठ वर्षांच्या मुलाला, आणि मुलीलाही, आठवड्यातून एकदा दहा-वीस रुपयांची खरी नाणी द्यावीत. जवळच्या एखाद्या दुकानदाराशी आधी बोलून ठेवावे. अशी दुकाने अजून आहेत. आपण तिथे जाणे सोडले आहे, एवढेच. मुलाला एकट्याने जाऊ द्यावे. रस्ता वाहता असेल तर आपण दूर उभे राहावे, परंतु फळीपाशी त्याला एकटेच असू द्यावे. त्याने काय घ्यावे हे सांगू नये. त्याने घेतलेली वस्तू आपल्याला फडतूस वाटली तरी हसू नये. पैसे संपले तर मध्येच भर घालू नये. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणे हाच त्यातला खरा धडा आहे. आणि घरी आल्यावर हिशेब मागू नये, गोष्ट विचारावी: काय काय पाहिले, काय घ्यावेसे वाटले, मग हेच का घेतले?

दुकानदार बंधूंनाही एक विनंती. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुकान आहे. दहा रुपयांचे नाणे मुठीत घट्ट धरून एखादे मूल आपल्या फळीशी येईल, बराच वेळ काहीच बोलणार नाही, मागे गर्दी खोळंबेल. त्याला थोडा वेळ द्यावा. त्या गिऱ्हाइकात नफा नाही, हे मलाही कळते. परंतु जगाशी व्यवहार कसा करावा, हे ते मूल त्या घटकेला शिकत असते आणि तिथले गुरुजी आपण असता.